बीजगणिताचा सराव वर्गात कसा रंगवावा: पत्ते, भिंत आणि फरशी

बीजगणिताचा सराव म्हटला की फळ्यावर वीस गणितं आणि वहीत वीस उत्तरं, हे ठरलेलं. यात सराव कमी पडत नाही, चूक उशिरा कळते. ज्याने कंस चुकीचा सोडवला तो तीच चूक वीस वेळा गिरवतो, आणि वही तपासून हातात येईपर्यंत ती मुरलेली असते. म्हणून उपक्रम निवडताना एकच बघा: उत्तर चुकलं तर शिक्षकाने न सांगता मुलांना ते तिथल्या तिथे कळतं का? खेळ कितीही रंगतदार असो, हे साधणार की नाही ते आत घातलेल्या आकड्यांवर ठरतं.

भिंतीवरची साखळी

बारा कागद घ्या. प्रत्येकाच्या वरच्या भागात एक उत्तर ठळक लिहा आणि खाली एक नवा प्रश्न. प्रश्न सोडवायचा, आलेलं उत्तर दुसऱ्या कोणत्या कागदावर आहे ते शोधायचं, तिथला प्रश्न सोडवायचा. बाराव्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या कागदावर असतं, त्यामुळे साखळी पूर्ण होते आणि कुठूनही सुरुवात करता येते. कागद उलटसुलट क्रमाने, एकमेकांपासून निदान एक मीटर अंतरावर चिकटवा. चाळीस मुलं असतील तर वीस जोड्या करून प्रत्येक जोडीला सुरुवातीचा कागद नेमून द्या, नाहीतर सगळे दाराजवळच्या कागदापाशी गर्दी करतात.

तयार करताना आधी बारा वेगवेगळी उत्तरं ठरवा आणि मग त्यांना बेतून प्रश्न रचा. उलट केलं तर दोन प्रश्नांचं उत्तर एकच येतं आणि साखळी मध्येच फुटते. तीन कागदांचा नमुना असा:

वर ७, खाली ३(क्ष − ४) = २क्ष + ५
वर १७, खाली ५ − २(क्ष − १) = ११
वर −२, खाली क्ष/३ + क्ष/२ = १०

पहिल्याचं उत्तर १७. कंसातल्या ४ ला ३ ने गुणायचं विसरलं की ९ येतं. दुसऱ्याचं उत्तर −२, पण उणे चिन्ह कंसात नेताना चुकलं की −४ येतं. तिसऱ्याचं १२, अंशांची आणि छेदांची वेगवेगळी बेरीज करणारा २५ वर पोहोचतो. हे ९, −४ आणि २५ भिंतीवर असावेत की नसावेत? पहिल्या वेळी नसावेत. उत्तर भिंतीवर सापडत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं मुलांना कळतं आणि ती आपणच मागे वळतात. मुलं सरावली की त्यातली दोन-तीन चुकीची उत्तरं दुसऱ्या कागदांची खरी उत्तरं म्हणून घाला. मग चुकलेली जोडी साखळीतले काही कागद वगळून पुढे जाते किंवा आधी पाहिलेल्या कागदावर परत येते. दोन्ही वेळा बारा कागद भरत नाहीत, आणि चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते मागे जाऊन शोधावं लागतं. हा शोधच खरा सराव आहे.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहून ठेवा. मुलांनी अक्षरांचा क्रम वहीत लिहिला की तुमच्याजवळच्या क्रमाशी तो क्षणात ताडून पाहता येतो. वहीत पायऱ्या दिसल्याच पाहिजेत, ही अट आधीच सांगा. नाहीतर दोघांतला एक सोडवतो आणि दुसरा नुसता फिरतो.

आठ त्रिपदींचे पत्ते

अवयव पाडण्यासाठी पत्त्यांची जुळणी हा सर्वांत कमी खर्चाचा आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारा उपक्रम. फक्त त्रिपदी एकमेकींसारख्या दिसायला हव्यात. क्ष² + ९क्ष + २० च्या शेजारी क्ष² − ४ ठेवलं तर मुलं शेवटचा आकडा बघून पत्ते लावतात, अवयव कोणी पाडत नाही. त्यापेक्षा हा संच घ्या:

क्ष² + ५क्ष + ६, क्ष² − ५क्ष + ६
क्ष² + ७क्ष + ६, क्ष² − ७क्ष + ६
क्ष² + क्ष − ६, क्ष² − क्ष − ६
क्ष² + ५क्ष − ६, क्ष² − ५क्ष − ६

आठही ठिकाणी स्थिरपद ६ किंवा −६ आहे. त्यामुळे २ आणि ३ घ्यायचे की १ आणि ६, आणि कोणाला कोणतं चिन्ह द्यायचं, याचा विचार टाळताच येत नाही. प्रत्येक त्रिपदीसाठी चार पत्ते करा: विस्तारित रूप, अवयवांचं रूप, त्रिपदी शून्य धरल्यावर येणारी मुळं, आणि आलेखाचं कच्चं चित्र. एकूण ३२ पत्ते, चार जणांना एक संच. आलेखावर क्ष-अक्षाचे छेदबिंदू आकड्यांसह दाखवा, बाकी काही नको.

सगळ्यात जास्त घोळ मुळांच्या पत्त्यापाशी होतो. (क्ष + २)(क्ष + ३) ला २ आणि ३ ही मुळं लावणारे गट हमखास निघतात. त्यांना 'चूक' म्हणू नका. क्ष च्या जागी २ ठेवून बघायला सांगा. ४ × ५ = २० आलं, शून्य नाही, एवढं पुरतं. आणखी एक युक्ती: दोन-तीन पत्ते मुद्दाम कोरे ठेवा आणि त्यावर काय हवं ते मुलांना लिहू द्या. सगळे पत्ते छापील असले की शेवटचे दोन संच डोकं न चालवता, उरलेले म्हणून जुळतात.

फरशीवरचा आलेख

एकसामयिक समीकरणांची उकल म्हणजे दोन रेषांचा छेदबिंदू, हे वाक्य सगळ्यांचं पाठ असतं. ते दिसायचं असेल तर बाकं बाजूला सरकवा आणि फरशीवर खडूने किंवा चिकटपट्टीने अक्ष आखा. क्ष −३ ते ३, य −२ ते ६, प्रत्येक एककाला ५० सेंटीमीटर. एवढ्याला ३ मीटर × ४ मीटर जागा लागते, शिवाय कडेला उभं राहायला थोडी.

सात जणांचा एक गट य = क्ष + १ घेतो, दुसरे सात जण य = −क्ष + ३. प्रत्येकाला क्ष ची एक किंमत चिठ्ठीवर द्या. य ची किंमत काढून चिठ्ठीवर लिहायची, आणि मगच जागेवर जायचं. हा क्रम मोडू देऊ नका. चिठ्ठी आधी भरली नाही तर मुलं शेजाऱ्याकडे बघून रांगेत उभी राहतात आणि गणित राहून जातं. बाकीच्यांनी वहीत दोन्ही समीकरणांची कोष्टकं करून उभ्या असलेल्यांची जागा पडताळायची.

आता नीट बघा. दुसऱ्या गटात क्ष = −२ मिळालेल्याचं उत्तर ५ यायला हवं. उणेचं उणे विसरलं की तो −२ + ३ = १ करून (−२, १) वर जाऊन उभा राहतो, आणि बाकी सहा जण सरळ रेषेत असताना हा एकटा बाहेर दिसतो. काही न बोलता सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात आणि तो चिठ्ठी पुन्हा काढतो. पहिल्या गटात क्ष आणि य ची अदलाबदल करणारेही असेच उघडे पडतात; दुसऱ्या गटात मात्र अदलाबदल केली तरी बिंदू त्याच रेषेवर येतो, म्हणून तिथे चिठ्ठीच बघावी लागते. वर्गात एकमेकांना हसण्याची सवय असेल तर मात्र एका चिठ्ठीमागे दोघांची जोडी द्या, म्हणजे चूक एकट्याच्या अंगावर येत नाही.

क्ष = १ वाले दोघे एकाच जागेसाठी धक्काबुक्की करतात: (१, २). हीच उकल. पुढच्या फेरीत दुसऱ्या गटाला य = क्ष − २ द्या; क्ष = −३ वाल्याला −५ वर जावं लागतं, म्हणून या फेरीपुरत्या क्ष च्या किमती ० ते ३ घ्या. कोणीच कोणाला भेटत नाही. तिसऱ्या फेरीत २य = २क्ष + २ द्या, पुन्हा ० ते ३ साठीच. प्रत्येक जागेवर दोघे येतात. एकही उकल नाही आणि असंख्य उकली, हे दोन्ही प्रकार पाच मिनिटांत उरकतात.

चूक कुठे आहे?

चार सोडवलेली उदाहरणं द्या, त्यांतलं एक बरोबर ठेवा. जोडीने चुकीची पहिली ओळ शोधायची, कारण एका वाक्यात लिहायचं आणि तिथून पुढे नीट सोडवायचं. सात पाचे तीस असल्या निसटत्या चुका घालू नका, त्यातून काही शिकता येत नाही. समजुतीतल्या चुका हव्यात. त्यांचे काही नमुने:

(क्ष − ३)² = क्ष² − ९
क्ष² = ५क्ष, म्हणून क्ष = ५
−२क्ष > ६, म्हणून क्ष > −३
(क्ष + ६)/६ = क्ष

पडताळा घ्यायला शिकवताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. पहिल्या ओळीत क्ष = ३ ठेवलं तर दोन्हीकडे ० येतं आणि चुकीचा विस्तार बरोबर वाटतो. क्ष = १ ठेवा: डावीकडे ४, उजवीकडे −८. म्हणून एका किमतीवर विसंबू नये, निदान दोन घ्याव्यात. दुसऱ्या ओळीत तर ५ ही उकल खरीच आहे, पडताळ्यातही टिकते; क्ष ने भागताना ० ही दुसरी उकल हरवली, हे पडताळ्याने कळत नाही. यावर चर्चेला वेळ राखून ठेवा.

दोघांचं उत्तर एकच

एक कागद मधोमध दुमडा. डावीकडे २क्ष + ३ = ११, उजवीकडे ५(क्ष − १) = १५; दोन्हींचं उत्तर ४. अशी आठ जोडगणितं द्या. दोघे वेगवेगळ्या बाजूंची सोडवतात आणि प्रत्येक ओळीनंतर उत्तरं ताडतात. जमलं नाही तर कोणाचं चुकलं ते दोघांनी शोधायचं. एका बाजूला कंस, दुसऱ्या बाजूला अपूर्णांक अशी विभागणी ठेवली तर दोघं एकाच चुकीने एकाच चुकीच्या उत्तरावर पोहोचण्याची शक्यता कमी होते.

तासिका ४० मिनिटांची असेल तर सूचनांना ५, उपक्रमाला २२ ते २५ आणि उरलेली चर्चेला. चर्चेची मिनिटं उपक्रमाने खाल्ली तर पुढच्या वेळी प्रश्न कमी करा, चर्चा नको.

गटांच्या शर्यतीबद्दल थोडं. एकाने उत्तर काढून पुढच्याला द्यायचं आणि पहिला गट जिंकतो, हा प्रकार वर्ग दणाणून सोडतो, पण पहिल्याचंच उत्तर चुकलं की मागच्या तिघांची मेहनत फुकट जाते आणि संथ मुलाच्या हातातून पेन काढून घेतलं जातं. पक्क्या झालेल्या घटकाची उजळणी असेल तरच शर्यत घ्या, आणि गुण वेगाला न देता चारही उत्तरं बरोबर असण्याला द्या.