दुष्काळ येण्याआधीचा हिशेब: सर्व्हायव्हल सिटी-बिल्डर गेममध्ये शहर कसे टिकवावे

साध्या सिटी-बिल्डर, म्हणजे शहर उभारून चालवण्याच्या, गेममध्ये चूक झाली तर तिजोरी रिकामी होते आणि कर्ज काढून कारभार पुन्हा सुरळीत करता येतो. सर्व्हायव्हल प्रकारात मात्र त्या चुकीची किंमत शहरातले रहिवासी जिवाने मोजतात, आणि तीही बहुधा चूक होऊन बराच काळ लोटल्यावर. शहर कोसळते ते टंचाईच्या दिवसांत, पण त्याचे मूळ सुकाळात घेतलेल्या एखाद्या निर्णयात असते आणि ते आपल्यालाच शोधून काढावे लागते. या गेमचे आव्हान त्यातच आहे आणि हरल्यावर पुन्हा पहिल्यापासून मांडणी करावीशी वाटते तीही त्यामुळेच.

मराठवाड्यातल्या नवख्या खेळाडूने सुरुवात टिंबरबॉर्नपासून करावी, असे मला मनापासून वाटते. पोलंडमधील मेकॅनिस्ट्री या स्टुडिओने 2021 मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला खुला करून, आणला. माणूस नामशेष झालेल्या जगात बीव्हर, म्हणजे नदीत बांध घालणारे कुरतडे प्राणी, लाकडाची गावे उभारतात. ठरावीक काळाने नदीचा उगमच आटतो, काठची जमीन कोरडी पडते, उभी पिके करपतात आणि टाक्यांनी तळ गाठला की बीव्हर तहानेने मरू लागतात. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. 12 एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. टिंबरबॉर्नमध्ये अशी गाडी येत नाही, जेवढे साठवले तेवढ्यावरच भागवावे लागते.

म्हणून पहिल्या दिवसापासून कागदावर हिशेब मांडावा. वस्तीत 30 बीव्हर आहेत, दुष्काळ 8 दिवसांचा धरला आणि प्रत्येकाला रोज अडीच एकक पाणी लागेल असे थोडे सैल हाताने गृहीत धरले, तर 600 एकक पाणी हवे. लहान टाकीत 30 एकक पाणी मावते, म्हणजे अशा 20 टाक्या भरून ठेवल्या पाहिजेत. सुरुवातीचे दुष्काळ छोटे असतात आणि पुढे लांबत जातात. त्यामुळे मागचा दुष्काळ निभावला एवढ्यावर समाधान न मानता त्याच्या दीडपट दिवस धरावेत. हा आकडा जुळेपर्यंत नवे घर बांधू नये, कारण फोकटेल्स या गटात रिकामी घरे असली की पिल्ले जन्माला येतात आणि तुमचा हिशेब पुन्हा तोकडा पडतो.

टाकीतले पाणी आटत नाही, उघड्या जलाशयातले आटते. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे तेवढेच पाणी अरुंद आणि खोल जागेत साठवले तर ते अधिक दिवस पुरते. पैठणचा नाथसागर विस्तीर्ण आणि उथळ असल्याने उन्हाळ्यात त्यातले किती पाणी उडून जाते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. नदीचे पात्र जिथे सर्वांत चिंचोळे असेल तिथे आधी साधा बंधारा घालावा, ज्यावरून जादा पाणी वाहून जाते. लाकूड आणि फळ्या पुरेशा झाल्यावर बाजूंनी उंच बांध घालून मधोमध दरवाजे बसवावेत आणि दुष्काळाची सूचना येताच पाणी अडवण्यासाठी त्यांची उंची वाढवावी. मात्र त्याआधी वरच्या अंगाची काठावरची बांधकामे नीट पाहावीत; फुगवट्याचे पाणी त्यांत शिरले की तिथले काम थांबते. शेते या जलाशयालगतच ठेवावीत, म्हणजे दुष्काळातही जमिनीत ओल टिकते. सुरुवातीला गाजर लावावे, कारण ते लवकर येते आणि कच्चे खाता येते. बटाटा भाजायला लाकूड जाळावे लागते. झाडे तोडणाऱ्यांच्या पाठोपाठ ती लावणाऱ्यांची सोय झालीच पाहिजे.

2014 च्या बॅनिश्ड या गेममध्ये, जो एकाच माणसाने तयार केला, पैसा नाही आणि शत्रूही नाही. तिथे खरा धोका वयाचा आहे. धान्य मुबलक दिसले म्हणून एकदम दहा घरे बांधली, तर दहा तरुण जोडपी एकाच वेळी संसार मांडतात, मुलांची एकच मोठी लाट येते, ती सगळी एकत्र म्हातारी होते आणि त्यांच्यामागे शेत सांभाळायला पुरेसे हात उरत नाहीत. दरवर्षी एक-दोन घरे, पण न चुकता, हा क्रम पाळावा. माणशी वर्षाला सुमारे 100 एकक अन्न लागते. अवजारांचा साठा संपला तर सगळ्यांच्याच कामाचा वेग घटतो, म्हणून लोहाराला लोखंड आणि लाकूड कमी पडू देऊ नये.

11 बिट स्टुडिओजचा 2018 मधील फ्रॉस्टपंक हा गोठलेल्या जगातला गेम यांहून कठोर आहे, कारण तिथे कोळशाबरोबर लोकांची आशा आणि असंतोषही सांभाळावा लागतो. दोहोंपैकी कशाचाही तोल गेला तर लोक तुम्हाला नेतेपदावरून दूर करतात. सुरुवातीच्या दिवसांत शहराला ऊब देणारा कोळशावरचा जनरेटर दिवसा बंद ठेवून रात्री चालवावा, कार्यशाळा लगेच उभारून संशोधन एक दिवसही थांबू देऊ नये, आणि वरच्या पट्टीत पुढच्या दिवसांचे तापमान पाहून ते घसरण्याआधीच कोळसा साठवावा. एका कायद्यावर सही केली की पुढच्यासाठी थांबावे लागते, म्हणून पहिली सही पहिल्याच दिवशी करावी. मुलांना कामाला लावण्याचा कायदा तात्पुरता सोयीचा वाटतो. मी मुलांसाठी निवारा बांधण्याचा पर्याय सुचवेन, कारण पुढे तीच मुले दवाखान्यात मदतीला घेता येतात आणि लोकांची आशाही तग धरते.

बॅनिश्ड साध्या लॅपटॉपवरही चालतो, फ्रॉस्टपंकला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले बरे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी ऑटोसेव्हचे अंतर कमीत कमी ठेवावे आणि प्रत्येक टंचाईच्या आधी वेगळ्या नावाने एक सेव्ह करावा. शहर ढासळू लागले तर लगेच पॉज करून सगळी नवी बांधकामे थांबवावीत आणि मोकळे झालेले हात पाणी, अन्न व इंधन यांवर लावावेत. तरीही मृत्यू थांबले नाहीत तर वेगळ्या नावाने ठेवलेला तो सेव्ह उघडून पाहावा: त्या दिवशी साठा किती होता, तोंडे किती होती आणि कोणती इमारत बांधायला घेतली होती.