डब्ल्यूडीएम बसवताना या चुका टाळा: पावसात बाहेर पडण्याआधी कुठला चॅनेल पडला ते बघा

गोव्यात नवी फायबर केबल टाकायची म्हणजे जांभा फोडा, परवानग्यांसाठी फेऱ्या मारा आणि पावसाआधी रस्ता बुजवून द्या. त्यापेक्षा आहे त्याच दोन कोअरवर (केबलमधल्या दोन तंतूंवर) डब्ल्यूडीएमचा मक्स, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांब्यांचा प्रकाश एकाच फायबरात मिसळणारी आणि पलीकडे वेगळा करणारी पेटी, बसवून आठ लिंक चालवणं परवडतं. मक्स बसतोही पटकन. त्रास सुरू होतो तो पहिल्या मोठ्या पावसात. लिंक पडते, आणि माणूस ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाशाचे पल्स सोडून दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) काखोटीला मारून थेट रस्त्यावर निघतो.

सगळ्यात महाग चूक हीच. आठ तरंगलांब्या, म्हणजे आठ चॅनेल, एकाच फायबरमधून जातात, तेव्हा त्यातली कुठली किती मंदावली यावरून दोषाची जागा ऑफिसात बसूनच बरीचशी कळते. दोन्ही टोकांच्या एसएफपींचं (प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलांचं) रिसीव्ह लेव्हल, म्हणजे पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी, काढा आणि लिंक सुरू केल्या दिवशीच्या आकड्यांशेजारी मांडा. एकच चॅनेल पडला आणि बाकी सात जागच्या जागी असतील तर केबलकडे बघूही नका. त्याचा एसएफपी, पॅचकॉर्ड किंवा मक्सचा पोर्ट तपासा. 1531 नॅनोमीटरचा मॉड्यूल 1551 च्या पोर्टात घातल्याचंही पुष्कळदा निघतं. सगळेच सारखे खाली आले असतील तर कॉमन पोर्टचा (सगळे चॅनेल एकत्र निघतात त्याचा) पॅचकॉर्ड, ओडीएफवरचा (केबल संपते त्या जोडणी-फळीवरचा) कनेक्टर नाहीतर वाटेतला जॉइंट. आणि 1591, 1611 जास्त पडले, पण 1471 जेमतेम हलला असेल, तर फायबर कुठेतरी वाकलाय. लांब तरंगलांबीला वाक सोसत नाही. भर पावसात घाईघाईने बंद केलेल्या जॉइंट क्लोजरमध्ये हे हमखास सापडतं: ट्रेमधला वेटोळा 30 मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळलेला असतो. 1310 वर तपासलं तर तोच जॉइंट निर्दोष दिसतो, म्हणून 1550 आणि शक्य तर 1625 वरही तपासा.

जास्त चॅनेलच्या मक्सवर 1371 आणि 1391 पहिल्या दिवसापासूनच मंद असतील तर फायबर जुना आहे. 1383 नॅनोमीटरजवळची पाण्याची शोषणपट्टी जी.652डी या फायबर प्रकारात काढून टाकलेली असते, जुन्या प्रकारांत ती तशीच असते. तिथे हे दोन चॅनेल सोडून द्यावेत.

आता बजेट, म्हणजे वाटेत किती प्रकाश घटतो त्याचा हिशोब. पणजी ते मडगाव रस्त्याने साधारण 35 किलोमीटर. वळसे आणि स्लॅक (राखीव वेटोळे) धरून फायबर 40 धरा. मॉड्यूलवर 40 किलोमीटर लिहिलंय म्हणून तोच मागवला जातो. हिशोब करून बघा: सीडब्ल्यूडीएमच्या (विरळ चॅनेलांच्या डब्ल्यूडीएमच्या, वर सांगितला तोच) पट्ट्यात किलोमीटरला 0.25 डीबी (प्रकाशाची घट मोजायचं एकक) धरले तर केबलचे 10, दोन्ही टोकांच्या मक्सचे मिळून 5, दोन किलोमीटरच्या ड्रमप्रमाणे वीसेक जॉइंटचे 2, कनेक्टरांचे 2. झाले 19. पुढच्या काही वर्षांत केबल तुटून जोडली जाणारच, त्यासाठी 3 वेगळे ठेवा. म्हणजे 22. दहा गिगाबिटच्या 40 किलोमीटरवाल्या मॉड्यूलकडे साधारण 15 डीबीच असतात, तेव्हा इथे 80 किलोमीटरवालाच लागतो. वेष्टनावरचे किलोमीटर मक्स नसताना मोजलेले असतात.

उलटी चूकही होते. पणजी–पर्वरीसारख्या नदीपलीकडच्या लिंकवर तोच 80 किलोमीटरवाला मॉड्यूल लावला तर रिसीव्हरवर उणे 7 डीबीएमपेक्षा (डीबीएम म्हणजे प्रकाशाच्या ताकदीचं एकक), म्हणजे त्याच्या मर्यादेपेक्षा, जास्त प्रकाश पडतो. चुका येतात, कधी रिसीव्हर कायमचा जातो. शिल्लक मॉड्यूल वापरायचाच असेल तर आधी ॲटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) लावा, मग सुरू करा.

ओटीडीआर मक्सच्या चॅनेल पोर्टला लावून केबल तुटल्याचा निष्कर्ष काढणारेही भेटतात. त्या पोर्टातून त्याचीच तरंगलांबी जाते, म्हणून 1551 चा पोर्ट सोडला तर ओटीडीआरचा 1550 मक्समध्येच अडतो. कॉमन बाजू मोकळी करून मोजा, पण त्याआधी पलीकडचं टोकही काढायला सांगा. पल्सने समोरचा रिसीव्हर जळू शकतो.

दुपारी तक्रार आणि रात्री सगळं ठीक असेल तर कॅबिनेटचं तापमान बघा. साध्या लेझरची तरंगलांबी अंशाला सुमारे 0.1 नॅनोमीटर सरकते. सीडब्ल्यूडीएममध्ये चॅनेलांत 20 नॅनोमीटरचं अंतर असल्याने ते खपतं. 100 गिगाहर्ट्झच्या डीडब्ल्यूडीएममध्ये (दाट चॅनेलांच्या प्रकारात) अंतर जेमतेम 0.8 नॅनोमीटर, म्हणून तिथे लेझरचं तापमान आतूनच राखलेलं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद पत्र्याच्या पेटीत तेही हात टेकतं. एसी बंद पडल्याचा अलार्म लेव्हलच्या अलार्मइतकाच महत्त्वाचा धरा. रस्त्याकडेच्या पेटीसाठी 85 अंशांपर्यंत चालणारे औद्योगिक मॉड्यूल घ्या.

हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा कनेक्टर) निळ्या यूपीसीत (सरळ टोकाच्या) खुपसू नका, दोन्ही टोकं खराब होतात. सीडब्ल्यूडीएम पुढे ईडीएफएने (प्रकाश वाढवणाऱ्या फायबर ॲम्प्लिफायरने) वाढवू, असंही ठरवू नका. तो 1530 ते 1565 च्या आसपासचाच प्रकाश वाढवतो, 1471 तिथेच मरतो.

आणि मक्स बसला की एक जेसीबी आठ लिंक घेऊन जातो, हे बसवायच्या आधीच धरून चला. पणजी–मडगावला पर्यायी मार्ग म्हणून वाटेतल्या त्याच झुआरी पुलाच्या दुसऱ्या कठड्याची डक्ट (केबलची नळी) दाखवतात. तो पर्याय नव्हे. बाणस्तारी–फोंडा–बोरीवरून फिरवलेला मार्ग लांब पडतो, म्हणून त्याचं बजेट वेगळं मांडा आणि मॉड्यूलही त्याच हिशोबाने घ्या. मूळ मार्ग तुटलेला असताना पर्यायी मार्गावर चार डीबी कमी पडतात असं कळलं, तर त्या रात्री करण्यासारखं फारसं काही उरत नाही.