गेटवे पाहायचा तर आधी त्याच्याकडे पाठ करा

मी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरचा फोटोवाला. पोलरॉइडच्या जमान्यापासून इथे उभा आहे. तेव्हा फोटो हातात देऊन ‘हलवा, येतोय, येतोय’ म्हणायचो. आता खांद्याला छोटा प्रिंटर लटकतो, हातातला नमुन्यांचा अल्बम मात्र तोच. माणसं गेटवे कसा पाहतात ते मला पाठ झालंय. टॅक्सीतून उतरायचं, कबुतरांना हुसकावायचं, समोरच्या ताज हॉटेलचा घुमट चिमटीत धरल्यासारखा फोटो काढायचा आणि कुलाबा कॉजवेच्या बाजारात चपला घ्यायला पळायचं. माझा धंदा त्यावरच चालतो, तक्रार नाही. पण यात गेटवे पाहायचा राहून जातो.

नीट पाहायचा असेल तर सकाळी या. कमानीपाशी थांबू नका, सरळ धक्क्यावर जा आणि घारापुरीची लाँच पकडा. सोमवार टाळा, लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्याही बंद पडतात. वरच्या डेकवर बसायला थोडे पैसे जास्त मागतात, ते द्या आणि तोंड मागे, शहराकडे करून बसा. बाकीचे सगळे पुढे बघत सीगलना खाऊ टाकत असतील, टाकू देत.

लाँच जरा आत गेली की उलगडा होतो. हे दार समुद्राकडून येणाऱ्यासाठी बांधलेलं आहे. आपण रस्त्यावरून बघतो ती त्याची पाठ. पूर्वेचं ऊन कमानीच्या तोंडावर पडलेलं असतं, दगड हळदीच्या दुधासारखा पिवळा दिसतो. हा दगड मालाडकडच्या खारोडीचा. सह्याद्रीचा काळा कातळ बघायची सवय असलेल्याला तो आपला वाटत नाही, पण आहे इथलाच. जाळ्या तेवढ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या.

आता गंमत ऐका. ज्याच्यासाठी हे दार केलं, तो यातून कधी गेलाच नाही. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला इथे उतरले. पुढे दहा दिवसांनी दिल्लीला दरबार होता. त्यांना पाहायला मिळाला फक्त पुठ्ठ्याचा नमुना. ३१ मार्च १९१३ ला पायाचा दगड बसला आणि वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला ऑगस्ट १९१४ मध्ये. भूमिपूजन आधी आणि नकाशा मागाहून, ही पद्धत आपल्याकडे जुनीच. मग समुद्रात भर घालून जमीन केली, पाया १९२० ला पुरा झाला आणि ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंगने उद्घाटन केलं. खर्च सुमारे २१ लाख. राजा पुन्हा हिंदुस्थानात आलाच नाही. कमानीवरच्या इंग्रजी अक्षरांत मात्र त्याच्या उतरण्याची तारीख अजून आहे, साल रोमन आकड्यांत. गिऱ्हाइकं मला विचारतात, ‘हे काय लिहिलंय?’ मी सांगतो, या दारातून न आलेल्या पाहुण्याची पाटी.

परत आलात की कमानीकडे जवळून बघा. आकार रोमच्या विजयकमानीचा, अंगावरचं नक्षीकाम मात्र सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या इमारतींचं. राज्य आमचं, पण दागिने तुमचेच, असं साहेबाला म्हणायचं असावं. उंची ८५ फूट, चार कोपऱ्यांना चार मनोरे. आत ४८ फूट व्यासाचा घुमट आहे, पण बाहेर खाली उभं राहिलं तर तो डोळ्यांत भरत नाही. दोन्ही बाजूंच्या दालनांत सहाशे-सहाशे माणसं मावतील एवढी जागा. याच विटेटने काळा घोड्याजवळचं वस्तुसंग्रहालयही केलंय. चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथला घुमट पाहून आलात तर दोन्हीकडचा हात एकच आहे हे कळतं.

मग समुद्राकडच्या पायऱ्या. खालच्या पायरीवर जाऊ नका. भरतीचं पाणी ओसरलं की तिथे हिरवं शेवाळ उरतं. एका नवरा-नवरीचा फोटो घेताना माझा पाय तिथेच सरकला. कॅमेरा वाचला, गुडघा नाही. वरूनच बघा. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे शेवटची इंग्रजी पलटण, मानवंदना घेऊन या कमानीतून बोटीत बसायला गेली. जाताना तिला गेटवेचीच चांदीची प्रतिकृती भेट दिली होती. येण्यासाठी बांधलेलं दार खऱ्या अर्थाने वापरलं गेलं ते जाण्यासाठी. या पायऱ्यांपाशी मला नेहमी हेच आठवतं, गुडघ्यानंतर.

या जागेच्या नावाचंही तसंच. साहेबाचं अपोलो बंदर, पण आमचे जुने लोक पालवा बंदरच म्हणायचे. पालवाचंच अपोलो झालं असं मानतात. गेटवे यायच्या आधी इथे कोळ्यांचा साधा धक्का होता.

शहराकडे वळलात की एक गोष्ट खटकेल. रस्त्यावरून येताना गेटवे सरळ समोर येत नाही, तिरका दिसतो. समोर थेट येणारा रस्ता करायचा होता, पैसे संपले, राहिला. आम्हा फोटोवाल्यांना तो तिरकेपणा रोज नडतो. आणि ताज आधीचं, १९०३ चं. पुष्कळांना उलटं वाटतं. बागेत घोड्यावरचे शिवाजी महाराज आहेत, ते १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी बसले. त्याआधी तिथे पंचम जॉर्जचा पुतळा होता.

फोटोचं सांगायचं तर सकाळी शहराच्या बाजूने काढू नका. सूर्य कमानीमागे असतो, चेहरे काळे येतात आणि मग कॅमेऱ्याला शिव्या बसतात. दुपारी साडेचारनंतर ऊन फोटो काढणाऱ्याच्या मागून, तुमच्या तोंडावर येतं. कमान मधोमध धरायचा हट्ट सोडा, जरा डावी-उजवीकडे सरका, तिरकेपणा फोटोत कमी जाणवतो. मोबाइलवर स्वतःच काढा, खुशाल. फक्त ताज चिमटीत धरायचा असेल तर माझ्याकडे या. बोट आणि घुमट जुळवायला फोटो काढणाऱ्याला गुडघ्यावर बसावं लागतं, आणि माझा दुसरा गुडघा अजून चालतो.