रस्त्याकडेच्या ओसाड जागेत झाड लावायचंय?

नागपुरात खड्डा मे महिन्यातच खणा: दीड फूट लांब, रुंद, खोल. ऊन लागून मातीतली कीड कमी होते. रोप मात्र दोन दमदार पाऊस झाल्यावरच लावा. विजेच्या तारांखाली नको, दुभाजकातही नको. तिथे खाली केबल असू शकते. आसपासचं गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

खरी डोकेदुखी काळी माती. पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडते. म्हणून दोन घमेली मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. ताजं शेण नकोच, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते.

रोप तीन-चार फुटी घ्या. करंज, बहावा उत्तम. कडुनिंबावर शेळ्या तुटून पडतात, तेव्हा बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच. आळ्यात तीन इंच पालापाचोळा पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर साल कुजते.

दिवाळीनंतर आठवड्याला एक बादली पाणी, मार्चपासून दर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी. समोरच्या चहाटपरीवाल्याला आधीच विचारून ठेवा. कप विसळलेलं पाणी, साबण नसेल तर, आळ्यात चालतं.