इथेनॉल–इथाइल ॲसिटेटची घनता मोजताय? या चुका टाळा

मे महिना लागला, जळगावात पारा 44-45 वर गेला की एमएस्सीच्या मुलांच्या वह्यांत अचानक ‘रेणूंमध्ये प्रबळ आंतरक्रिया’ दिसू लागते. रेणू बिचारे तेच असतात.

आधी हिशेब बघा. या जोडीच्या सम-मोल (दोन्हींचे रेणू सारखेच) मिश्रणाचं मोलर आकारमान, म्हणजे एका मोलनं व्यापलेली जागा, साधारण 78 घनसेंमी. त्यात आपण शोधतो ते अतिरिक्त आकारमान (मिसळल्यावर प्रत्यक्ष आकारमान आणि नुसत्या बेरजेचं आकारमान यांतला फरक) जेमतेम एखाद-दुसरा दशांश, आणि तेही धन. घनता 0.001 ने चुकली तर त्यात 0.09 चा फरक पडतो. एक अंश तापमान बदललं की मिश्रणाची घनता जवळजवळ तेवढीच हलते. मग शुद्ध द्रव भर दुपारी मोजले आणि मिश्रणं दुसऱ्या दिवशी सकाळी, तर उत्तर ऋण येणारच. ऋण म्हणजे द्रव आकसले, रेणूंनी एकमेकांना ओढलं, असं धरून त्यालाच मुलं ‘प्रबळ’ म्हणतात!

आपल्याकडच्या बऱ्याच वॉटर बाथना फक्त हीटर असतो. खोली 40 अंशांवर असताना 25 वर सेट करून काय होणार? चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर सकाळी सातला या, 35 अंश धरा आणि पिक्नोमीटरचं (घनता मोजायच्या ठरावीक आकारमानाच्या बाटलीचं) कॅलिब्रेशन, शुद्ध द्रव, मिश्रणं, सगळं त्याच तापमानाला उरका.

वजन करताना आधी इथेनॉल, मग ॲसिटेट. ॲसिटेट जास्त उडतं: 25 अंशांना त्याचा बाष्पदाब सुमारे 12.6 किलोपास्कल, इथेनॉलचा 7.9. पंखा बंद, बूच लगेच. मोल-अंश (मिश्रणात कुठल्या द्रवाचे किती मोल, ते प्रमाण) वजनावरून काढा, पिपेटवरून नको. (बर्नर तर लांबच ठेवा, ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीनं वाफ पेटू शकते ते किमान तापमान, उणे 4 अंश आहे.)

इथेनॉलची घनता 25 अंशांना 0.785 यायला हवी. 0.80 च्या आसपास आली तर बाटलीत रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे थोडं पाणी असलेलं इथेनॉल, आहे. पाणी शोषायला 3 अँगस्ट्रॉम छिद्रांची मॉलिक्युलर सीव्ह वापरा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता अर्थ लावताना. उत्तर धन म्हणजे आंतरक्रियाच नाही, असं लिहू नका. एस्टरच्या (म्हणजे ॲसिटेटच्या) कार्बोनिलशी, म्हणजे C=O गटाशी, अल्कोहोलचा हायड्रोजन बंध जुळतो, पण त्यासाठी अल्कोहोलच्या आपसातल्या साखळ्या तुटतात आणि तुटणं भारी पडतं. म्हणूनच मिसळल्यावर बाटली हाताला गार लागते. लगेच मोजू नका, वीसेक मिनिटं बाथमध्ये राहू द्या. बाटली गार लागली आणि वहीत मात्र ऋण आकडा असेल, तर थर्मामीटर तपासा, भो.