घरात पाण्याचा मेन कॉक कसा बसवावा

मध्यरात्री बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला, तर पाणी बंद कुठून करणार? जुन्या इमारतींत बहुतेकदा गच्चीवरून, आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे. घरात येणाऱ्या लाइनवर आपला स्वतःचा कॉक असला की ही धावपळ टळते. इथे सांगतोय ते भिंतीबाहेरून गेलेल्या सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपचं. लाइन जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर स्वतः हात घालू नका. गंजका पाइप पान्याने पिळला की भिंतीतला सांधा मोडतो. ते प्लंबरलाच करू द्या.

आधी लाइन ओळखा. बऱ्याच फ्लॅटमध्ये एकच मेन लाइन नसते. स्वयंपाकघराची वेगळी, बाथरूमची वेगळी, कधी महापालिकेची ठरावीक वेळी येणारी थेट लाइनही असते. गच्चीवरचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायला लावा आणि कुठला नळ थांबतो ते पाहा. कॉक लावायचा तो फाटा फुटून आपल्या घरात वळतो त्याच्या पुढे. उभ्या पाइपवर लावलात तर खालच्या मजल्यांचंही पाणी तोडाल.

सामान : त्याच मापाचा सीपीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह (हाच आपला कॉक, आत भोकाचा गोळा फिरतो; माप पाइपवरच छापलेलं असतं), एक युनियन (नटाने सोडता-आवळता येणारा जोड), वीतभर पाइप, सीपीव्हीसीचंच सोल्व्हंट (जोड चिकटवायचं द्रावण), हॅक्सॉ, पॉलिश पेपर. यूपीव्हीसीचं, म्हणजे थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचं, सोल्व्हंट इथे चालत नाही. गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून आतली पट्टी वर-खाली होणारा) नको. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून तो नेमका गरजेच्या दिवशी अडकतो.

युनियन विसरू नका. दोन्हीकडून पक्क्या पाइपमध्ये नुसता व्हॉल्व्ह घुसवता येत नाही, कारण सॉकेटमध्ये सरकायला पाइपला जागाच उरत नाही. युनियनचे दोन भाग सपाट तोंडांनी समोरासमोर बसतात, त्यामुळे एका बाजूचे दोन-तीन क्लॅम्प सोडून पाइप थोडा बाजूला ओढता आला तरी भागतं.

आता काम. गीझरचं बटण बंद करा. शेजाऱ्यांना सांगून गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, घरातले नळ उघडून लाइन रिकामी करा. व्हॉल्व्ह, पाइपचा तुकडा आणि युनियन कोरडेच जोडून जमिनीवर ठेवा. दोन्ही टोकांच्या सॉकेटची खोली वजा करून उरेल तेवढाच पाइप कापा. काप सरळ हवा. कडा घासा, पुसून कोरड्या करा.

युनियनची चकती, म्हणजे फिरणारा नट, आधी पाइपवर चढवा आणि मगच सोल्व्हंट लावा. मी एकदा उलटं केलं होतं. जोडलेलं सगळं कापून टाकून पुन्हा दुकान गाठावं लागलं.

व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच चिकटवा. सोल्व्हंट पाइपला सढळ, सॉकेटच्या आत मात्र पातळ लावा, नाहीतर ओघळून बॉलवर जातं. जोड पाव फेरा फिरवत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. दांडा भिंतीला न अडता पूर्ण पाव फेरा फिरतो ना, ते सोल्व्हंट धरायच्या आतच बघा. शेवटी युनियनची रबरी रिंग जागेवर बसवून नट हातानेच आवळा.

डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. मी तर रात्रभर थांबतो. पाणी सोडताना नळ उघडे ठेवा, म्हणजे हवा निघून जाईल. प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवून ओल तपासा. गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्यावरच गीझर चालू करा.

दर महिन्याला कॉक एकदा बंद-उघड करा आणि तो कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.