पूर्वेला लाल-हिरवं लुकलुकतंय ते काय? असं ओळखा

रब्बीत आमच्याकडे मोटारीची लाइट रात्रीची असते. गव्हाला दारं धरताना अख्खी रात्र उघड्यावर जाते. डिसेंबरात एकदा नऊच्या सुमारास शेजारच्या रानातून चुलत्यांचा फोन आला, "अरे, पूर्वेला ड्रोन थांबलाय. लाल, हिरवा, निळा दिवा मारतोय." मी म्हटलं, "नाना, आधी खांबाला डोकं टेकवून बघा."

अंधारात एकच ठिपका टक लावून पाहिला की तो हलल्यासारखा वाटतो, हा डोळ्यांचा भास आहे. म्हणून डोकं स्थिर ठेवायचं, दिवा वायरीच्या नाहीतर फांदीच्या कडेला धरायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. विमान तेवढ्यात निघून जातं. अंतराळ स्थानक न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं. तारा मात्र बोट-दीड बोटच सरकतो. नानांचा दिवा तेवढाच सरकला.

मग हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. क्षितिजापासून एक-दोन मुठींच्या आत असलेला ठळक तारा रंग फेकणारच, कारण डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा त्याचा उजेड कितीतरी जास्त हवेतून येतो. गार-गरम हवेचे थर तो हलवतात, रंग वेगळे करतात. गुरू-शुक्र बहुतेक वेळा शांत दिसतात. दुर्बिणीतून त्यांची छोटी चकती दिसते, तारा मात्र ठिपकाच राहतो.

आता मृग शोधा. हरणाच्या पोटात घुसलेला बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे, पूर्वेला उगवताना जवळजवळ उभे असतात. ती ओळ खाली वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा, 8.6 प्रकाशवर्षांवरचा. नानांचा ड्रोन तोच होता. ईशान्येला असंच काही दिसलं तर ब्रह्महृदय आणि दक्षिणेला दोन मुठींच्या आत दिसलं तर अगस्त्य आहे का, ते आधी तपासा.

मोबाइलने झूम करून व्हिडिओ काढू नका. फोकस सुटतो आणि ताऱ्याची धडधडणारी रंगीत चकती होते. गावात घबराट पसरते ती अशाच व्हिडिओंनी. त्यापेक्षा साधी दुर्बीण व्याधावर धरा आणि तिला बोटाने हलकी टिचकी मारा. ठिपक्याची रेघ होते आणि त्या रेघेत लाल, हिरवे, निळे तुकडे पोतीतल्या मण्यांसारखे सुटे दिसतात. हे एकदा तरी बघाच.

तरीही शंका राहिली तर वेळ, दिशा आणि किती मुठी वर, एवढं लिहून ठेवा. आठवड्याने तोच दिवा त्याच जागी अर्धा तास आधी आला, तर तो तारा. नाना त्या रात्री पाणी संपेपर्यंत थांबले. पावणेदोनला व्याध दक्षिणेला साडेपाच मुठींवर होता, पांढरा आणि बराच शांत.